वापर : खाजगी

सोहारच्या सनाइया भागात, टायरवाल्याच्या डोक्यावर,
गंजका जिना चढून गेलं की विम्याचं ऑफिस.
एसी असा, की यूसुफ बलूशी
भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेला.

गाडी?
हायएस. दोन हजार अकरा. पांढरी.
आधी लाँड्रीची होती. वरून रंग दिलाय,
पण उन्हं तिरपी झाली की डाव्या दारावर
अरबी अक्षरं वर येतात, इस्त्रीच्या चित्रासकट.
हे मी सांगितलं नाही.

वापर?
खाजगी.
म्हणजे घरचीच माणसं?
हो, म्हणालो,
आणि थोडा वेळ त्या 'हो'कडे बघत बसलो.

घरची माणसं तीन.
सीटा बारा.

शुक्रवारी कॅम्पवरचे सहाजण मासळीबाजारात उतरतात.
मेंगडे नाइट शिफ्टमधून थेट मागच्या सीटवर झोपतो,
परतताना मांडीवर सुरमईच्या पिशवीतलं बर्फाचं पाणी गळत राहतं
तरी उठत नाही.
खालच्या मजल्यावरच्या सुमय्याला कळा सुरू झाल्या
तेव्हा तिचा नवरा टगबोटीवर, समुद्रात.
हिनं मधली सीट आडवी केली,
मी एकशेवीसच्या रस्त्यावर साठनं गेलो
खड्डा नसलेल्या रस्त्यात खड्डे शोधत.
आणि चाफेकरची ट्रंक.
चाफेकर वेगळा गेला, विमानाच्या पोटातून.
ट्रंकेला कुलूप नव्हतं, पायजम्याच्या नाडीनं बांधलेली.
कार्गोपर्यंत कुणी सीटवर बसलं नाही,
सगळे खालीच, तिच्याभोवती.

कोणी पैसे देतं?
नाही.
डॅशबोर्डवरच्या रुमालाखाली अर्धा रियाल सापडतो कधीकधी.
कोण ठेवतं, कळलेलं नाही.
मी तो तसाच राहू दिला
तर पुढच्या शुक्रवारी त्याचा एक झालेला असतो.
असल्या नोटेला भाडं म्हणायचं का,
हे मला मराठीतही धड सांगता आलं नसतं,
त्याच्या उर्दूत कुठून सांगू?
तरी सांगितलं. रुमालासकट.

यूसुफनं चष्मा काढून पुसला.
माझा बाप म्हणे ट्रकमधून गावच्या वराती न्यायचा,
कागदावर नेहमी खजूर लिहिलेलं असायचं.
मग हसायचं थांबून : पण बाप नशीबवान होता.
तू खरं तेच लिही.

फुल विमा नको म्हणाला.
गाडीच्या अंगात आता तेवढी किंमत उरलेली नाही.
थर्ड पार्टी घे : समोरच्याची गाडी,
समोरच्याची भिंत, समोरच्याचा उंट.
आणि आतली माणसं?
त्यांचं वेगळं. माणशी.
तीन लिहू?

वादीला पूर आला तर, त्याचंही वेगळं होतं.
ते मी सोडलं.
वादी भरली की मी निघणारच नाही, म्हणालो,
जसं त्या रात्रीच्या आदल्या दिवशी
रात्रीची गाडी काढत नाही म्हणालो असतो.

खिशात कॉम्प्रेसरचे पैसे होते.
हिचा फोन वाजत होता, उलटा ठेवलेला.
तीन, म्हणायला जीभ वळलीही होती
पण डोळ्यांसमोर तो मेंगडे, तोंड उघडं टाकून झोपलेला,
ज्याला कुठल्या कागदावर बसवायचं मला कधीच सुचलं नसतं.

बारा लिही.
प्रवासी, ओळखीचे, भाडं नाही,
पेट्रोलला कुणी हात लावतं.
त्यानं सगळं लिहिलं. ओळीत मावेना
म्हणून समासात लिहिलं, आडवं,
आणि त्यावर शिक्का मारला.

खाली गाडी भट्टी झालेली.
यंदाचा उन्हाळा काचा खाली करून काढायचा.
दारावर इस्त्री दिसायला लागली होती.
मेंगडेचा मेसेज : शुक्रवारी सात चालतील का, नवीन पोरगा आलाय.
मी आत बसलो, स्टिअरिंगला हात लावून झटक्यात काढला,
रुमाल उचलून पाहिला.
काही नव्हतं.
सोमवार होता.